अंधारासाठी अर्ज

६ ऑक्टोबर

शाळेच्या ऑफिसातून एक कोरी डायरी उचलून आणली. मर्विन परवा जहाजावर गेला. नवरा समुद्रात असला की मला भांडायला माणूस उरत नाही, आणि पप्पांशी काही भांडता येत नाही. म्हणून हे.

पप्पा म्हणजे माझे सासरे, पॉल. जूनमध्ये शुगरमुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. हा माणूस परवापरवापर्यंत माडावर चढत होता. आमच्या गिरीज गावात अजून कुणाच्याही घरी माडाचा विषय निघाला की त्यांचंच नाव निघतं. पावसाळा संपता संपता नकली पाय मिळाला. चांगला आहे, खाली काळा बूटसुद्धा आहे. तो आता त्यांच्या खोलीच्या दाराआड उभा असतो, वर टॉवेल टाकलेला. व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा, त्याला पप्पांनी चहा पाजून वाटेला लावलं. म्हणाले, "मला आता कुठे जायचंय? कुबड्या बऱ्या." मी खूप डोकं फोडलं. मग सोडून दिलं.

आज संध्याकाळची रोझरीची प्रार्थना झाल्यावर कुबड्या घेऊन "वाडीतली मोटर बघून येतो" म्हणून आपल्या खोलीच्या मागच्या दाराने गेले आणि परत आले ते कोपरापर्यंत माती. पडलात का, विचारलं. "नाही, बसलो होतो." बसणाऱ्याच्या कोपराला माती लागत नाही, एवढं मलाही कळतं.

आमच्या गेटपासून विहिरीच्या वळणापर्यंत आळीत एक दिवा नाही. दोन्ही बाजूंना केळी. स्वतःचा हात दिसत नाही. उद्यापासून मी दिव्याच्या मागे लागणार.

९ ऑक्टोबर

पालिकेच्या ऑफिसात गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, कागदपत्रांच्या झेरॉक्स, आवाज, सगळं घेऊन. तिथल्या बाईंनी बसा म्हटलं, पाणी दिलं, अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत परत दिली. माझी निराशाच झाली जरा.

दुपारी कनिष्ठ अभियंता स्वतः आळी बघून गेला. विजेचे दोन खांब आहेत, त्यांच्यावर दिवे बसतील. मध्ये एक नवा खांब लागेल आणि तो समोरच्या गॉडफ्रेसरांच्या वाडीच्या कडेला येतो. म्हणजे सरांची ना-हरकत हवी. बस, एवढंच. नाताळच्या आत होईल म्हणाला.

१२ ऑक्टोबर

गॉडफ्रेसर नाही म्हणाले!

सर आमच्या समोर राहतात. गावच्या शाळेचे रिटायर हेडमास्तर, मर्विनला त्यांनीच शिकवलं आणि बडवलं. पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. मला वाटलं, सही करतील आणि वर केळ्यांची फणी देतील. तर म्हणे, उजेड कशाला हवा? मी म्हटलं, साप. ते म्हणाले, साप माझ्या आजाच्या वेळचे आहेत. मग म्हणे उजेडात केळीचे घड चोरांना दिसतील. आजवर चोरांना अंधारात दिसत होते ते चाललं. मग म्हणे वटवाघळं येतील. शेवटी कारणं संपली तेव्हा चष्मा पुसत बसले.

"पॉलला विचारलंस?" म्हणाले.

"सर, पप्पांसाठीच तर करतेय सगळं."

ते माझ्याकडे बघत राहिले, शाळेत गणित न येणाऱ्या मुलाकडे बघावं तसे. मग चहा घेणार का विचारलं. मी नाही म्हटलं आणि निघाले. एका खांबाची जागा सुटत नाही या माणसाला. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो तो.

२० ऑक्टोबर

पप्पांनी संध्याकाळी फुल पँट घालायला सुरुवात केली आहे. हा माणूस आयुष्यभर हाफ पँटमध्ये वावरला. लग्न आणि मयत सोडून कुणी त्यांना फुल पँटमध्ये बघितलेलं नाही. कारण विचारलं तर "मच्छर". ठीक आहे. मी मच्छरची कॉइल आणून ठेवली.

त्यांच्या खोलीत झाडू मारताना बघितलं, दाराआडच्या त्या पायाच्या बुटाला ओली माती. शेजारच्या अँजेलिनाकाकींच्या कोंबड्या सारख्या आमच्या घरात शिरतात, तिथे दाराआड खुडूक बसत असणार. बूट पुसला, टॉवेल नीट घातला, काकींना ऐकवून आले.

पप्पा जेवतात मात्र बरे हल्ली. परवा गुणगुणत होते.

३ नोव्हेंबर

काल मृतांचा दिवस झाला, आज आळीत सह्या गोळा केल्या. सरांवर दबाव यावा म्हणून. अँजेलिनाकाकी शेजारच्याच. त्यांनी पहिली सही ठोकली. त्यांची ॲनिशा बारावीला आहे, क्लासवरून येताना त्या अंधारातून येते. काकी म्हणाल्या, "बाय, पोरगी घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्या सरांना काय झालंय? बाईलमाणूस घरात नाही, पोरी नाहीत, त्यांना काय कळणार."

रात्री जेवताना मी पप्पांसमोर हे सगळं बोलले. सरांचं नाव घेऊन चार शब्द जास्तच बोलले. पप्पा भाताचा घास तसाच हातात धरून होते.

"ॲनिशा रोज येते अंधाराची?" त्यांनी विचारलं.

"मग काय तर!"

"खरंच दिवा पाहिजे," ते म्हणाले. मग जेवले.

१० नोव्हेंबर

आज सर स्वतः आले आणि सही केलेली ना-हरकत माझ्या हातात दिली. चेहरा कारलं खाल्ल्यासारखा. "पॉलने सांगितलं म्हणून," एवढंच बोलले.

मी म्हटलं, "बघा, पप्पांनाही हवाच होता ना!"

सर पाठ फिरवून गेले. काही लोकांना हरणं जमत नाही.

२८ नोव्हेंबर

आले! तीन दिवे, एलईडी, पांढरेशुभ्र. ठेकेदाराचा इलेक्ट्रिशियन दीपेश सकाळपासून खांबावर होता. स्विचचा डबा आमच्या गेटच्या भिंतीवर बसवला. म्हणाला, "मॅडम, टायमर नंतर येईल. तोपर्यंत तुम्हीच चालू करायचा, तुम्हीच बंद करायचा. आळीचा कंट्रोल तुमच्याकडे." मला एवढा अधिकार आजवर घरातसुद्धा मिळाला नव्हता.

सगळी आळी जमली. अँजेलिनाकाकींनी मैद्याचे गोड फुगे तळून आणले. स्विच दाबायचा मान पप्पांना दिला. कुबडी काखेत धरून त्यांनी खटका ओढला आणि विहिरीपर्यंतचा रस्ता असा लख्ख झाला की मुंग्या मोजाव्यात. टाळ्या वाजल्या. ॲनिशाने व्हिडिओ काढला. पप्पा म्हणाले, "झकास."

सर आले नाहीत. स्वतःच्या ओट्यावर बसून होते. मरो.

खोटं कशाला लिहू, आज मला फार बरं वाटतंय. एक काम हातात घेतलं आणि तडीस नेलं.

९ डिसेंबर

पप्पा मोटर बघायला जात नाहीत. मी म्हटलं, आता तर दिवसासारखा उजेड आहे, आता जा की खुशाल. "मोटर नीट आहे," म्हणाले. परत हाफ पँट सुरू झाली. आता थंडी पडायला लागल्यावर!

संध्याकाळी रोझरी झाली की सरळ खोलीत जातात.

१७ डिसेंबर

शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, हालचाल हवी. मी म्हटलं, डॉक्टर, त्यांच्यासाठी अख्खी आळी उजळली, आणखी काय करू? मर्विनला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, वय झालं, सोड. जहाजावरून सोड म्हणणं सोपं असतं.

२२ डिसेंबर

घराघरावर चांदण्या लागल्या, सरांच्या अंगणात आळीतली पोरं येशूजन्माचा गोठा बांधतायत. आळी इतकी छान दिसते की वळणावरून येताना मीच थांबून बघते.

पप्पा नाताळच्या मिस्साला चर्चमध्ये येणार नाही म्हणाले. थंडी आहे म्हणे. मग फादर म्हणाले, घरी येऊन येशूप्रसाद, म्हणजे कम्युनियन, देतो, तर त्यालाही नको. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मी जेवण नेते तेव्हा "ठेव" म्हणतात आणि मी ताट आणायला जाते तेव्हा तसंच असतं.

मला भीती वाटते. पाय काढला तेव्हा नाही वाटली, आता वाटते. पाय गेला तेव्हा माणूस जागेवर होता.

दुसरं काही सुचत नाही म्हणून कामं करत राहते. टायमरसाठी पालिकेत स्मरणपत्र दिलं. शाळेत उशीर झाला की दिवे लावायला घरी कुणी नसतं.

११ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

शाळेचं गॅदरिंग होतं, उशीर झाला. वळणावर रिक्षातून उतरले तर आळी काळीकुट्ट. दिवे लावायला मी नव्हते आणि दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं. शिव्या देत निघाले. मोबाइलचा टॉर्च लावणार तेवढ्यात पुढे आवाज आला. एक जड पाऊल, मग काहीतरी घासत गेल्यासारखं, मग परत जड पाऊल. मला वाटलं, गुरं सुटली कुणाची.

पुसटसं चांदणं होतं, डोळे सरावले तसं दिसलं, पप्पा होते. दोन्ही कुबड्या गेटला टेकवलेल्या. फुल पँट. सरांच्या वाडीच्या कुंपणाला एक हात लावून चालत होते. चालत होते! मग तो हातही सोडला त्यांनी. दोन्ही हात बाजूला पसरून, लहान पोर पहिल्यांदा चालतं तसे, आळीच्या मधोमध.

मी केळीत शिरले आणि उभी राहिले.

पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग. इतके दिवस मला कोंबड्यांवर संशय घ्यायला लावला या माणसाने. काकींशी भांडले मी. नंतर ते पडले. चांगलेच, तोंडावर. मी पाऊल उचललं आणि परत मागे घेतलं. ते आमच्या बोलीत स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडून उठले, कुंपण धरून, गुडघ्यावर येऊन, आणि मग हसले. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं हसताना ऐकलेलं नाही. आणि पुन्हा हात सोडले.

ते घरात गेल्यावर बऱ्याच वेळाने मी गेले. अंगावर पांघरूण घेऊन पडले होते, भिंतीकडे तोंड करून. "जेवलात?" म्हटलं. "भूक लागली आहे," म्हणाले.

मी ओट्यावर येऊन रडले. त्यांच्यासाठी म्हणून मी तो खांब रोवून घेतला होता.

१२ जानेवारी

सकाळीच सरांकडे गेले. बागेत पाणी शिंपत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पाय आला त्या आठवड्यापासून. माझ्याच कुंपणाला धरून चालतो ना तो." नळी बाजूला टाकली त्यांनी. "म्हणून तर सही देत नव्हतो."

"मग सांगायचं ना सर! वटवाघळं कसली सांगत बसलात?"

"काय सांगू? त्याने मला सांगितलं नाही. तो चालतो तेव्हा मी घरात दिवा मालवून बसतो, त्याला वाटतं मी झोपलो. जे त्याने मला सांगितलं नाही ते मी तुला कसं सांगायचं, रोवेना?"

या माणसाबद्दल मी डायरीत काय काय लिहिलंय.

"पण सही करा असं तर त्यांनीच तुम्हाला सांगितलं."

"हो. म्हणाला, पोरगी अंधारातून येते, दे सही. बस एवढंच. मी म्हटलं, पॉल, विचार कर. म्हणाला, केला."

१५ जानेवारी

आता असं करते. तिन्हीसांजेला दिवे लावते, रोझरी संपली की बंद करते, पप्पा परत आले की पुन्हा लावते. पहिल्या दिवशी पप्पांनी खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "लाईटला काय झालं?" मी म्हटलं, "फॉल्ट आहे, त्या वेळेला लोड येतो." इतकं धडधडीत खोटं मी माहेरीसुद्धा बोलले नव्हते. जरा वेळाने फुल पँट घालून निघाले.

ॲनिशाचा क्लास नेमका तेव्हाच सुटतो. ही खरी अडचण आहे. मी दिवे बंद करून निघते, तिला क्लासबाहेर गाठते आणि चर्चच्या बाजूच्या रस्त्याने स्कूटरवरून घरी सोडते. तिला वाटतं मला बोलायला हवंय कुणीतरी. मी रोज काय बोलायचं ते शोधत असते.

१९ जानेवारी

अँजेलिनाकाकींनी पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. "रोज ठरावीक वेळी पथदिवे बंद." पालिकाही मेली इतकी तत्पर की आज दीपेश हजर!

खांबावर चढला, उतरला, डबा उघडला, माझ्याकडे बघितलं. "मॅडम, फॉल्ट काही नाही. कोणीतरी स्विचच बंद करतं."

मी म्हटलं, "असेल. पोरं असतील."

"टेन्शन नको. तुमचा टायमर मंजूर झालाय. तुमचंच स्मरणपत्र होतं ना? पुढच्या आठवड्यात बसवतो. डब्याला कुलूप, चावी ऑफिसात. मग कोणाचा हातच लागणार नाही."

म्हणजे हेही मीच मागून घेतलंय.

२१ जानेवारी

अर्ध्या दिवसाची रजा टाकून पालिकेत गेले. त्याच बाई. बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी अर्ज पुढे केला: आमच्या आळीतले दिवे रोज संध्याकाळी थोडा वेळ बंद ठेवावेत.

त्यांनी दोनदा वाचला. "मॅडम, दिवे बंद ठेवा असा अर्ज मी तरी बघितलेला नाही. साहेबांपुढे ठेवते, पण कारण लिहा. कारणाशिवाय ते काय करणार? आणि आळीतल्या सगळ्यांची संमती लागेल."

पेन हातात घेऊन बसले. कारण लिहायचं म्हणजे माझे सासरे चालायला शिकतायत आणि त्यांना कुणी बघितलेलं चालत नाही, असं लिहायचं. मग ते साहेब वाचणार, दीपेश वाचणार, संमतीसाठी तोच कागद घरोघर फिरणार. जे त्यांनी जिवाभावाच्या दोस्ताला सांगितलं नाही.

अर्ज परत घेतला. बाई म्हणाल्या, "काही अडचण आहे का घरी?" चांगली बाई आहे. मी नाही म्हटलं.

२७ जानेवारी

टायमर बसला. डब्याला कुलूप. सूर्य मावळला की लागणार, उगवला की जाणार.

सरांना एवढंच सांगितलं, "डबा बंद झाला." ते "बरं" म्हणाले.

२ फेब्रुवारी

हाफ पँट. ताट तसंच.

आज मी त्यांच्या दारात उभी राहून सांगणार होते की पप्पा, मी बघितलंय, तुम्ही चालता, छान चालता, कसली लाज? तोंड उघडलं आणि म्हटलं, "दूध आणू?"

८ फेब्रुवारी

संध्याकाळी रोझरी झाली. पप्पा आज खोलीत गेले नाहीत, ओट्यावर बसले, कुबड्या बाजूला. बाहेर दिवे भगभगत होते. मी उंबऱ्यात पाट टाकून पावटा सोलत बसले होते.

समोर गॉडफ्रेसर आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, रोजच्यासारखे, पेपर घेऊन. ते उठले. खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आळीकडे पाठ. पेपर पुन्हा उघडला. मला वाटलं, म्हातारा सटकला.

मग अँजेलिनाकाकी. अंगणात मासे साफ करत होत्या. त्यांनी विळी उचलली, पाट फिरवला आणि आपल्या घराकडे तोंड करून बसल्या. पलीकडच्या घराची खिडकी बंद झाली. त्याच्या पुढचीही. वळणावरून ॲनिशा येत होती, दप्तर पाठीला. ती मध्येच थांबली, केळीकडे वळली आणि मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहिली.

तेव्हा मला कळलं. सरांनी कुणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्या माणसाच्या पोटातून काही निघत नाही. आळीला आधीपासूनच माहीत असणार. मी खोट्या फॉल्टची चिंता करत होते, आणि काकींनी तक्रार टाकली होती ती कदाचित आळीत फक्त त्यांनाच तेव्हा हे माहीत नसल्यामुळे. की माहीत असूनही, ॲनिशासाठी? उद्या विचारणार नाही.

पप्पांनी सगळ्यांच्या पाठी बघितल्या. एक एक करून, सावकाश. त्यांचा जबडा हलत होता. ते कुबड्या घेऊन खोलीत गेले. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा भिंत. पण आतून पट्टे आवळल्याचा आवाज आला.

बाहेर आले ते पायावर. हाफ पँटवरच. गुडघ्याखालचा तो तपकिरी पाय, काळा बूट, सगळं दिव्याखाली उघडं. दाराची चौकट धरून माझ्या शेजारी उभे राहिले. मी वर बघितलं नाही. ओट्याची पायरी उतरले.

एक पाऊल मी बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. मग मीही पाटासकट फिरले आणि घराकडे तोंड करून पावटा सोलायला लागले.

त्यामुळे पप्पा आज कुठवर गेले ते मला इथे लिहिता येत नाही.